प्राण्यांसाठी अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानांच्या विश्वस्तांना, आर्वी तालुक्यातून

आदरणीय विश्वस्त मंडळी आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) समित्यांचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

पशुकल्याण आणि जनावरांचं दवापाणी यांसाठी आपण जे अनुदान देता, त्याबद्दल हे पत्र आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात मी पशुसख्यांच्या, म्हणजे जनावरांचा प्रथमोपचार शिकलेल्या गावातल्याच बायांच्या, एका गटासोबत काम करते. बकऱ्या, गाई, बैल आणि त्यांच्यावर ज्यांचं घर चालतं ती माणसं, एवढंच आमचं क्षेत्र. आमच्यासारख्या लहान संस्था आपल्याच पैशावर उभ्या असतात, त्यामुळे अनुदानाच्या पद्धतीबद्दल उघड बोलायला कुणी धजत नाही. पुढच्या वर्षीचा प्रस्ताव अडकेल ही भीती सगळ्यांना असते, मलाही आहे. पण गावात पैसा येतो, पाट्या लागतात आणि जनावरं मात्र अजूनही घटसर्पाने, फऱ्याने आणि बकऱ्यांच्या पीपीआर या साथरोगाने मरतात. या तिन्ही रोगांवर लस आहे. हे बघत गप्प राहणं मला जमत नाही.

मागणं एकच आहे. शिबिरासाठी, गाडीसाठी, इमारतीसाठी जो पैसा देता, तो गावात वर्षभर चालणाऱ्या उपचारासाठी द्या, आणि सलग तीन-चार वर्षं द्या.

आधी लसीकरण शिबिराचं सांगते. शिबिर सकाळी अकराला सुरू होतं, कारण पाहुणे नागपूरहून निघतात. आमच्याकडे आठ-नऊलाच बकऱ्या चरायला जातात आणि ढोरं आखरावर गोळा होऊन गायक्यामागे, म्हणजे गुराख्यामागे, निघून जातात. अकराला गावात उरतात ती दुधाची चार जनावरं आणि दावणीला बांधलेला एखादा म्हातारा बैल. त्यांनाच टोचलं जातं, त्यांचेच फोटो निघतात. जिच्या पाच बकऱ्या आहेत ती बाई त्या वेळी दुसऱ्याच्या वावरात निंदत असते. एका दिवसाची मजुरी बुडवून ती मांडवात येऊन बसणार नाही, आणि तिने बसावं असं मी तिला सांगणारही नाही. अशाच एका शिबिरानंतर एक काकू मला म्हणाल्या, “मी वावरात होती, बकऱ्या जंगलात होत्या, मंग टोचलं कोणाले?” याचं उत्तर अहवालात नव्हतं. अहवालात उपस्थितांची संख्या होती.

पीपीआरची लस कुपीत कोरडी असते. द्रावणात मिसळली की ती बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते, नाही तर तिचा उपयोग राहत नाही. कुपी शंभर मात्रांची असेल तर तेवढ्या वेळात शंभर बकऱ्या समोर हव्यात. म्हणजे आदल्या संध्याकाळी घरोघर निरोप द्यायचा, बकऱ्या सुटायच्या आत पहाटेच कोठ्याकोठ्यावर, म्हणजे प्रत्येक गोठ्यावर, पोचायचं, जवळच्या दोन-तीन वस्त्या मिळून एक फेरी आखायची, कुणाची बकरी गाभण आहे आणि कुणाची आजारी आहे हे आधीच माहीत असायचं. शिवाय बकरी पाच महिन्यांत विते. आज सगळ्या कळपाला टोचलं तरी पुढच्या हंगामात जन्मलेली पिल्लं उघडीच राहतात, आणि पीपीआर सगळ्यात आधी पिल्लांनाच धरतो. वर्षातून एकदा मांडव घालून हे काम होत नाही. गावातच राहणारी, प्रत्येक घराची बकरी ओळखणारी बाई लागते.

आता वेळेचं. घटसर्प आणि फऱ्या हे पावसाळ्याचे रोग. पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की ते डोकं काढतात. घटसर्पात घसा सुजतो, श्वास घरघरतो, आणि जनावर कधीकधी एका दिवसात जातं. फऱ्या तर नेमका धडधाकट, तरण्या गोऱ्ह्या-कालवडींना होतो. बकऱ्यांचा आंत्रविषारही पावसाच्या कोवळ्या गवताबरोबरच येतो. म्हणून या लसी मे महिन्यात, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात टोचून व्हायला हव्यात. जंताचं औषध एकदा पावसाच्या आधी आणि एकदा नंतर. आपला निधी मात्र फेब्रुवारीत मंजूर होतो, मार्चच्या मध्यावर खात्यात येतो आणि सोबत अट येते की ३१ मार्चच्या आत खर्चाचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं. पंधरा दिवसांत पैसा संपवायचा तर एकच वाट उरते, वस्तू घ्यायच्या. मग बादल्या येतात, जनावरांनी चाटायच्या खनिज विटांची पोती येतात, फ्रिज येतो, बॅनर येतो. मे महिना उजाडतो तेव्हा लसीच्या फेरीला पेट्रोल नसतं.

३१ मार्चची ही अट कायद्याने घातलेली नाही, हे विश्वस्तांना माहीत असेल. पण अर्ज तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना ते माहीत नसतं असा अनुभव आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि अनुसूची ७ मध्ये प्राणिकल्याण स्पष्ट शब्दांत आहे. त्याच कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे. प्रकल्प सुरू झाला ते वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालू शकतो. त्या वर्षी न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. म्हणजे मे महिन्यातली लस मार्चमधल्या पैशातून कायद्यात राहूनच टोचता येते. गरज आहे ती एवढीच, की समितीने पहिल्याच बैठकीत कामाला ‘चालू प्रकल्प’ म्हणून मान्यता द्यावी.

दुसरी अडचण मानधनाची. पशुसखी म्हणजे गावातलीच बाई, बहुधा बचतगटातली. तिला प्रशिक्षण मिळतं आणि ती जंताचं औषध पाजते, खुरं कापते, गोचीड काढते, पोटफुगीत पहिला उपाय करते, बकरीच्या डोळ्याची खालची पापणी उलटून रक्त कमी आहे का ते बघते, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरला कधी बोलवायचं ते ओळखते. ती डॉक्टर नाही आणि तसं मिरवतही नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार उपचार करणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे; बाकीच्यांना किरकोळ सेवा तेवढ्या त्याच्या देखरेखीखाली देता येतात. ही मर्यादा तिला पक्की ठाऊक असते. तरी तिच्यामुळे गावात पिल्लं जगतात. अशा बाईला महिन्याला दोन-तीन हजार मानधन मागितलं की उत्तर येतं, “हा प्रशासकीय खर्च झाला, आम्ही ५ टक्क्यांच्या वर देत नाही.” सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासनाच्या खर्चाला आहे. एखादा प्रकल्प आखण्याचा, राबवण्याचा आणि त्यावर देखरेख ठेवण्याचा थेट खर्च त्यातून नियमानेच वगळला आहे. पहाटे साडेपाचला बर्फाचा डबा खांद्याला लावून तीन वस्त्या फिरणारी बाई म्हणजे प्रकल्पच. तिच्यावरचा खर्च कापून औषधाचे खोके वाढवले तर ते खोके कुणाच्या कोठ्यापर्यंत पोचणार?

सरकारी दवाखाने आहेत, त्यातले कर्मचारी राबतात, आणि त्यांच्यावर दोष ठेवायला मी बसलेली नाही. श्रेणी-१ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी असतो, श्रेणी-२ चा दवाखाना पशुधन पर्यवेक्षकाच्या भरवशावर चालत आला आहे, आणि एकेका माणसाकडे दोन-दोन ठिकाणचा कार्यभार असणं आमच्याकडे नवीन नाही. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच ५००० जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा असं सांगून ठेवलं आहे. आता १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरतं पथक येतं, ही चांगली सोय झाली. पण गाय रात्री अडते. वासरू आडवं आलेलं असतं, नाही तर जार अडकलेला असतो. पथक दिवसाचं असतं, आणि नाल्याला पूर आला की दिवसाही वस्तीवर गाडी पोचत नाही. तेवढ्या रात्रीपुरता ज्याला फोन करता येईल असा एक डॉक्टर आणि त्याची फी ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी एक छोटासा निधी, एवढ्याने फार फरक पडतो. निवृत्त पशुवैद्यक आमच्या तालुक्यात आहेत आणि यायला तयारही आहेत. पेट्रोल आणि फी कोण देणार एवढाच प्रश्न आहे. या कामाला उद्घाटन नाही, फीत नाही, म्हणून ते अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

एका दात्याने एका संस्थेला सुंदर रुग्णवाहिका दिली होती. चालकाचा पगार आणि डिझेल अनुदानात नव्हतं. ती गाडी पुढे बराच काळ संस्थेच्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. देणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

बैलाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पशुकल्याणाच्या अर्जांमध्ये काम करणारा बैल मला फारसा दिसत नाही. तो दिसतो तो गोशाळेत पोचल्यावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही त्याची खांदशेकणी करतो, हळद आणि लोणी लावून खांदा चोळतो, आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असं त्याला सांगतो. वखर आणि डवऱ्याच्या दिवसांत खांदा सुजतो, सोलतो, त्यात पू होतो, आणि ज्याच्याकडे एकच जोडी आहे तो शेतकरी त्याच खांद्यावर पुन्हा जू ठेवतो. कारण त्याच्या सोयाबीनमध्ये तण माजलेलं असतं. तो निर्दय नसतो. चार दिवसांसाठी दुसरा बैल भाड्याने घ्यायला त्याच्याकडे पैसे नसतात. खांद्याच्या औषधाबरोबर त्या चार दिवसांचं भाडं देणारी योजना मी अजून कुठे पाहिली नाही. म्हाताऱ्या बैलांना शिंगाचा कर्करोग होतो. शिंग एका बाजूला झुकतं, नाकातून रक्त येतं. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बैल वाचू शकतो, पण त्यासाठी त्याला नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयापर्यंत किंवा निदान जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत न्यावं लागतं. वाहतुकीचा खर्च ऐकूनच माणूस माघारी फिरतो.

२०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. थकलेल्या बैलाचं काय करायचं हा प्रश्न तेव्हापासून शेतकऱ्याच्या एकट्याच्या दावणीला आला. गोशाळांना आपण अनुदान देता ते द्यावंच. चांगल्या चालणाऱ्या गोशाळा मी पाहिल्या आहेत. पण जनावर गोशाळेत पोचतं ते घरून सुटल्यावर. त्याला घरीच राहू द्यायचं असेल तर चाऱ्याचा प्रश्न सोडवावा लागेल. पूर्वी आमच्याकडे ज्वारी होती, तेव्हा कडबा होता. सोयाबीन आलं आणि कडबा गेला. सोयाबीनचं कुटार जनावर नाइलाजाने खातं. ई-क्लास जमिनीवरची, म्हणजे गावाच्या सरकारी गुरचरणावरची, चराई अतिक्रमणांनी आक्रसली. चंद्रपूर-वणीकडे तर कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांखाली कुरणं गेली. त्या भागातल्या कंपन्यांनी विशेष लक्ष द्यावं असं मला वाटतं, कारण सीएसआरच्या कायद्यातच आपल्या आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य द्या असं म्हटलेलं आहे. दोन एकर ई-क्लासवर गावाने चारा लावला, कुंपण केलं, पाणी दिलं, तर ते शंभर टक्के पशुकल्याण आहे. अर्जात मात्र त्याला ‘शेती’ म्हणून बाजूला काढतात.

आणि हा आमच्या गवळाऊचा मुलूख आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतली पांढरी, चपळ जात, गवळी समाजाने जपलेली. हेटीकुंडीला तिचा शासकीय फार्म आहे. पण जात टिकते ती गवळ्यांच्या दारात, आणि तिथे चराई नसेल तर फार्म एकटा किती टिकवणार?

२०२२ चा लम्पी आपल्याला आठवत असेल. ऑगस्टमध्ये राज्यात शिरला आणि बघता बघता अकोला, बुलढाणा, अमरावतीत पसरला. अंगावर गाठी, पायाला सूज, ताप, चारा खाणं बंद. बाजार बंद, वाहतूक बंद. सरकारने मोफत लसीकरण केलं, दगावलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत जाहीर केली. ती लोकांच्या कामी आली. त्या दिवसांत ज्या गावांत पशुसखी किंवा पर्यवेक्षक नियमित जात होते, तिथे लोकांनी पहिल्याच गाठीला निरोप दिला, जनावर वेगळं बांधलं, गोठ्यात धूर केला, जखमा धुतल्या. जिथे कुणीच जात नव्हतं तिथे आधी अफवा पोचली. लोकांनी दूध फेकलं, आजारी जनावरं रानात सोडून दिली. आपत्तीच्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी तातडीने पैसा दिला, त्याबद्दल मनापासून आभार. पण पशुसखी किंवा पर्यवेक्षक आपत्तीच्या आधी दोन वर्षं गावात जात असते तर त्या पैशाने दुप्पट काम केलं असतं, असं मला वाटतं.

बुळकांडी आठवा. गुरांचा तो रोग २०११ मध्ये जगातून संपला, भारत त्याच्याही आधी त्यातून मुक्त झाला. गावोगाव पायी, सायकलने फिरून दशकानुदशकं टोचत राहिलेल्या माणसांनी तो संपवला.

दान कसं द्यावं हे शिकायला आम्हाला किंवा आपल्याला लांब जायची गरज नाही. जमनालाल बजाज इथलेच, वर्ध्याचे. १९४१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी गोसेवा संघाचं काम अंगावर घेतलं. नुसता पैसा देऊन ते थांबले नाहीत. वर्ध्याजवळच्या गोपुरीत झोपडी बांधून राहिले आणि १९४२ च्या फेब्रुवारीत गेले ते हेच काम करत असताना. त्या विचारात गाईची जात सुधारणं, तिचं दूध वाढवणं आणि ती मेल्यावर तिच्या कातड्याचा नीट वापर करणं, हे सगळं गोसेवेतच धरलं होतं. आणि अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या दहा गोष्टींत भुकेल्याला अन्न, रोग्याला औषधोपचार आणि मुक्या प्राण्यांना अभय हे एकाच यादीत मांडलं. प्राण्यांसाठी वेगळी यादी त्यांनी केली नाही. आमच्या गावात बकरी मरते तेव्हा मुलीची शाळेची फी जाते, म्हणून मला ती यादी बरोबर वाटते.

कुत्र्यांसाठी शहरात चाललेल्या कामाला माझा विरोध नाही. उलट, ते गावापर्यंत यावं. पिसाळलेलं कुत्रं गाईला चावतं आणि तिचं दूध प्यायलेलं अख्खं घर धास्तावतं. गावातल्या कुत्र्यांना दरवर्षी रेबीजची लस आणि जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायची एवढी माहिती, हे दोन्ही स्वस्त आहे. औषधांबद्दलही एक विनंती. खरेदीच्या यादीत वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅमच असावं. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, तरी ते अजून हाताशी मिळतं. ते औषध दिलेलं मेलेलं ढोर खाल्लं की गिधाड मरतं, आणि उरलीसुरली गिधाडं मेलेल्या ढोरांवरच जगतात.

हिशेब मागा, जरूर मागा. फक्त वेगळा मागा. प्रत्येक टोचलेल्या गाई-बैलाच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. वर्षाने त्या क्रमांकांतली किती जनावरं जिवंत आहेत ते विचारा. किती पिल्लं जन्मली आणि तीन महिन्यांची होईपर्यंत किती जगली ते विचारा. रात्रीचे किती फोन आले, त्यातल्या किती ठिकाणी डॉक्टर पोचला, किती ठिकाणी नाही, हेही विचारा. ‘नाही’चा आकडा आम्ही लपवणार नाही, पण त्यासाठी अनुदान कापलं जाणार नाही असं वाटायला हवं. आणि तपासायला येणार असाल तर पहाटे या, गाव जागं असतं.

अर्ज मराठीत स्वीकारा. आमच्या सख्यांना बकरीच्या पोटातलं कळतं. इंग्रजी अर्जातले रकाने भरायला त्यांना माणूस शोधावा लागतो, आणि तो माणूस त्यांनी न सांगितलेलंच लिहून मोकळा होतो.

आमचा या वर्षीचा प्रस्ताव आपल्यापैकी काहींच्या कार्यालयात पोचला आहे. बारा गावं, बारा सख्या, दोन बर्फाचे डबे, एक निवृत्त डॉक्टर, तीन वर्षं. इमारत मागितलेली नाही. निर्णय होकाराचा असो की नकाराचा, मार्चअखेर कळवावा, म्हणजे एप्रिलमध्ये लसीची मागणी नोंदवता येईल आणि मृगाच्या आधी फेरी पूर्ण होईल.

आपली,
पशुसखी गटाची एक समन्वयक
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा